महागडं क्रोमबुक घ्यावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रोमबुकबद्दल येणारे प्रश्न बहुतेक एकाच ठिकाणी येऊन थांबतात: जो लॅपटॉप मुख्यतः ब्राउझर चालवतो, त्याला मॅकबुकइतके पैसे मोजायचे का? काहींसाठी याचं उत्तर स्पष्ट 'हो' आहे. बहुतेकांसाठी 'नाही' आहे, आणि त्याचं कारण मशीनपेक्षा त्यांच्या कामात जास्त असतं. म्हणून खाली कामानुसार उत्तरं दिली आहेत.

१. क्रोमबुक म्हणजे नेमकं काय? साध्या लॅपटॉपपेक्षा त्यात वेगळं काय?

क्रोमबुक म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप. मेल, कागदपत्रं, बँक, व्हिडिओ कॉल, सगळं क्रोम ब्राउझरमध्येच करायचं असतं. विंडोजची सेटअप फाइल त्यावर चालत नाही. बदल्यात काही चांगल्या गोष्टी मिळतात. काही सेकंदांत मशीन सुरू होतं, अपडेट मागच्या मागे उतरतात आणि एकदा रीस्टार्ट केलं की लागू होतात. दर वेळी सुरू होताना प्रणालीत कुणी ढवळाढवळ केली आहे का, हेही मशीन स्वतः तपासतं. विंडोजवरचे नेहमीचे व्हायरस इथे चालतच नाहीत. फसव्या लिंकवर क्लिक करून पासवर्ड दिलात तर मात्र कुठलंच मशीन वाचवू शकत नाही.

अँड्रॉइड ॲप २०१६ पासून आली आणि लिनक्सवरची सॉफ्टवेअर २०१८ पासून, त्यामुळे 'फक्त वेब' हे आता अक्षरशः खरं राहिलेलं नाही. तरी ब्राउझर सोडून जे काही चालतं ते पाहुण्यासारखं चालतं, आणि घेताना हे धरूनच हिशेब करावा.

२. 'प्रीमियम' क्रोमबुक कशाला म्हणायचं?

सुरुवात गूगलनेच केली. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या क्रोमबुक पिक्सेलची किंमत १,२९९ डॉलर होती. २५६० × १७०० पिक्सेलचा टचस्क्रीन, ॲल्युमिनियमची बॉडी, पण रॅम ४ जीबी आणि जागा ३२ जीबी. २०१५ मध्ये दुसरं पिक्सेल ९९९ डॉलरला आलं, २०१७ मध्ये पिक्सेलबुकही ९९९ लाच. २०१९ चं पिक्सेलबुक गो ६४९ पासून होतं. सॅमसंगने २०२० मध्ये ९९९ डॉलरचं गॅलेक्सी क्रोमबुक काढलं. त्याचा ४के ॲमोलेड पडदा अप्रतिम होता, पण तोच बॅटरी खात होता. पुढे गूगलने स्वतः क्रोमबुक बनवणं सोडलं आणि एचपीने ड्रॅगनफ्लाय मालिकेतून हा वर्ग चालू ठेवला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने 'क्रोमबुक प्लस' हा शिक्का आणला. त्याच्या किमान अटी अशा: बाराव्या पिढीचा इंटेल कोअर आय३ किंवा रायझन ३ च्या ७००० मालिकेतला प्रोसेसर किंवा त्याहून वरचा, ८ जीबी रॅम, १२८ जीबी जागा, फुल एचडी आयपीएस पडदा (बाजूनेही रंग नीट दिसणारा) आणि फुल एचडी कॅमेरा. अमेरिकेत या वर्गाची सुरुवात ३९९ डॉलरपासून झाली. आता प्रीमियम म्हणजे या शिक्क्याच्याही वरचं: २०२४ चं सॅमसंग गॅलेक्सी क्रोमबुक प्लस (६९९ डॉलर, १५.६ इंची ॲमोलेड) किंवा २०२५ चं, मीडियाटेक कोम्पॅनिओ अल्ट्रा चिपचं लेनोवो क्रोमबुक प्लस १४ (६४९ डॉलरपासून).

३. एवढे पैसे घालायचेच तर मॅकबुक किंवा विंडोज का नको? थेट सांगा.

पंच्याण्णव टक्के काम ब्राउझरमध्ये होत असेल आणि उरलेल्या पाच टक्क्यांसाठी दुसरं मशीन हाताशी असेल, तरच महागडं क्रोमबुक घ्या. घरात किंवा ऑफिसात हा एकच संगणक असणार असेल, तर घेऊ नका.

हिशेब असा आहे. मार्च २०२५ मध्ये एम४ चिपचं मॅकबुक एअर अमेरिकेत ९९९ डॉलरला आणि भारतात ९९,९०० रुपयांना आलं. ब्राउझर त्यावरही तितकाच पळतो. शिवाय व्हिडिओ एडिटिंग, पूर्ण एक्सेल, ॲपलसाठी ॲप बनवायचं एक्सकोड हे सगळं चालतं आणि सेकंडहँड बाजारात त्याला गिऱ्हाईकही मिळतं. क्रोमबुकची विक्रीची किंमत मात्र भराभर पडते. मॅकबुकच्या आसपासच्या किमतीच्या क्रोमबुकसाठी ठोस कारण सांगता आलं नाही, तर ते घेऊ नये.

ठोस कारण असलेले लोक आहेतच. कंपनीचं सगळं काम गूगल वर्कस्पेसवर (गूगलच्या मेल, डॉक्स, ड्राइव्हच्या संचावर) चालणारे, दिवसभर लिहिणारे-वाचणारे, मशीनची देखभाल अजिबात नको असलेले. अशांनाही आमचा सल्ला क्रोमबुक प्लस वर्गातल्या मधल्या मशीनचा. वरच्या मशीनमध्ये जास्तीचं काय मिळतं ते पुढच्या उत्तरात आहे.

४. मग जास्तीचे पैसे नेमके कशात जातात?

वेगात फारसे नाहीत. एक मेल उघडायला आय३ ला लागणारा वेळ आणि आय७ ला लागणारा वेळ यातला फरक डोळ्याला कळत नाही. पैसे जातात ते ज्या भागांना तुमचा हात आणि डोळा दिवसभर लागतो त्यांत.

पडदा पहिला. स्वस्त मशीनमध्ये १३६६ × ७६८ चा टीएन पडदा असतो, थोडं बाजूने पाहिलं तरी रंग उडतात. देवनागरीसाठी हा मुद्दा जास्त महत्त्वाचा. 'क्ष्म', 'द्ध', 'र्‍य' अशी जोडाक्षरं लहान टाइपात कमी पिक्सेलच्या पडद्यावर गिचमिड होतात, दाट पिक्सेलच्या पडद्यावर स्वच्छ दिसतात. दुकानात एखाद्या मराठी दैनिकाची साइट उघडून नेहमीच्या अंतरावरून वाचून बघा. चमक किती निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) तेही विचारा. खिडकीशेजारी बसणाऱ्याने ३०० च्या खाली जाऊ नये.

दुसरा कीबोर्ड आणि टचपॅड. किल्ल्यांखाली दिवा आहे का, मधल्या किल्ल्या दाबल्यावर कीबोर्ड खाली वाकतो का, ते दाबून पाहा. क्रोमबुकवर कॅप्स लॉकची किल्ली नसते. तिच्या जागी लाँचर किंवा सर्चची किल्ली असते (आल्टसोबत दाबली की कॅप्स लॉक लागतो). डिलीटची किल्लीही बहुतेक मॉडेलवर नसते, ती लाँचर + बॅकस्पेस. दोन-तीन दिवस बोटं चुकतात, मग सवय होते.

तिसरी साठवण. स्वस्तात ईएमएमसी ही संथ साठवण असते, वरच्या वर्गात वेगवान एनव्हीएमई एसएसडी. लिनक्स किंवा अँड्रॉइड ॲप वापरणार असाल तर हा फरक जाणवतो. नुसत्या ब्राउझरला नाही.

५. ८ जीबी रॅम पुरेल की १६ घ्यावी?

बहुतेकांना ८ पुरते. क्रोमओएस रॅम भरत आली की जुने टॅब झोपवते. त्या टॅबवर परत गेलात की पान पुन्हा लोड होतं, आणि अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर तो कधी कधी कोरा होऊन येतो. दिवसभर तीस-चाळीस टॅब, वर मीट, वर लिनक्स असं चालणार असेल तर १६. रॅम बहुतेक मॉडेलमध्ये मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ४ जीबीचं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

६. नेट गेलं की मशीन नुसतं पडून राहतं का?

नाही, पण तयारी आधी करावी लागते. गूगल ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये ऑफलाइन चालू करा. मग डॉक्स, शीट्स, स्लाइड्समधल्या अलीकडच्या फाइल नेटशिवाय उघडतात आणि त्यांत बदलही करता येतात. एखादी ठरावीक फाइल हवीच असेल तर फाइल्स ॲपमध्ये तिच्यावर राइट क्लिक करून 'ऑफलाइन उपलब्ध' निवडा. पीडीएफ, फोटो, उतरवून ठेवलेले व्हिडिओ चालतातच. बँक, कार्यालयीन पोर्टल, व्हिडिओ कॉल चालणार नाहीत, पण ते कुठल्याच लॅपटॉपवर चालत नाहीत.

चूक बहुधा अशी होते: ऑफलाइन चालू केलेलं असतं एका खात्यात, फाइल असते दुसऱ्या खात्याच्या ड्राइव्हमध्ये. गावी जाण्याआधी वाय-फाय बंद करून फाइल उघडते का ते घरीच पाहा.

७. मराठी टायपिंग होतं का? आमच्याकडे सगळं श्रीलिपीत आहे.

युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखं दिसणारं, मराठी उत्तम होतं. सेटिंग्जमध्ये 'इनपुट' शोधा, इनपुट पद्धतींच्या यादीत मराठी जोडा. रोमन अक्षरांत उच्चार टाइप केला की देवनागरी शब्दांचे पर्याय समोर येतात. कंट्रोल + स्पेसने इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. 'ऱ्ह', 'र्‍य' आणि 'ळ' वर पहिला पर्याय अनेकदा चुकतो, तेव्हा यादीतून योग्य शब्द निवडावा लागतो.

जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर ज्यांची बोटं बसली आहेत त्यांनी मात्र आधी दुकानात एक अख्खा परिच्छेद टाइप करून पाहावा. विंडोजवर जी सॉफ्टवेअर ही मांडणी देतात ती इथे चालत नाहीत.

श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम यांची गोष्ट वेगळी. या जुन्या पद्धतीत फाइलमध्ये खरं तर रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, आणि त्यांच्यावर मराठी आकार चढवायचं काम फाँट करतो. क्रोमबुकवर तो फाँट नसल्याने फाइल उघडते तेव्हा रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. फाइल खराब झालेली नसते. विंडोज मशीनवर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मगच इकडे आणा. बदलल्यावर रफार, पोटफोड्या 'ष' आणि जोडाक्षरं नजरेखालून घाला, चुका तिथेच होतात.

छापखान्याचं काम, म्हणजे पेजमेकर, कोरलड्रॉ, इनडिझाइन, तुमचं रोजचं असेल तर हा विचार सोडून द्या.

८. वर्ड आणि एक्सेल चालतात का?

ब्राउझरमधले चालतात, डेस्कटॉपवरचे नाहीत. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२१ पासून क्रोमबुकवरच्या अँड्रॉइड ऑफिस ॲपचा आधारही काढून घेतला. साधी पत्रं, तक्ते, सूत्रं वेबवर नीट होतात.

मॅक्रो (बटण दाबलं की आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेली एक्सेल फाइल वेबवर उघडते, पण मॅक्रो चालत नाहीत. बँका, सोसायट्या, सीए यांच्याकडे फिरणाऱ्या अनेक फाइलमध्ये मॅक्रो असतात, आणि बटण दाबल्यावर काहीच घडत नाही तेव्हा माणूस गोंधळतो. गूगल शीट्स ॲप्स स्क्रिप्टवर चालतं, एक्सेलचे मॅक्रो त्यात आपोआप उतरत नाहीत. वर्डमध्ये मराठी टेबलं आणि पानांचे समास थोडे हलतात. कोर्टात किंवा विद्यापीठात द्यायचा मजकूर शेवटी पीडीएफ करूनच तपासा.

९. टॅली, जीएसटी आणि डिजिटल सहीचा डोंगल चालेल का?

व्यवसाय असलेल्या वाचकांचे पैसे सर्वांत जास्त इथेच वाया जातात, म्हणून तपशिलात सांगतो.

टॅलीप्राइम विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, क्रोमओएसवर बसत नाही. जीएसटीचं पोर्टल ब्राउझरमध्ये उघडतं, बिलं टाकता येतात, रिटर्न तयार होतं. अडतं ते सही करताना. एकल मालक ओटीपीने, म्हणजे ईव्हीसीने, रिटर्न दाखल करू शकतो, त्याचं काम क्रोमबुकवर पूर्ण होतं. कंपनी आणि एलएलपी यांना डिजिटल सही लागते. ती यूएसबी टोकनमध्ये असते, आणि टोकनचा ड्रायव्हर व पोर्टलवर सही करून देणारं एमसाइनर हे सॉफ्टवेअर, दोन्ही क्रोमओएसवर बसत नाहीत. टोकन लावलं तरी पोर्टलला ते दिसत नाही. लिनक्समधून जमवण्याच्या खटपटी लोक करतात. पण जीएसटीआर-३बीची २० तारीख डोक्यावर असताना त्या भरवशावर राहू नका.

आयकराचं सोपं आहे. आयटीआर-१ आणि आयटीआर-४ पोर्टलवर थेट भरता येतात, पडताळणी आधारच्या ओटीपीने होते.

हमखास चालणारा मार्ग एक: ऑफिसातला विंडोज पीसी चालू ठेवा, त्यावर क्रोम रिमोट डेस्कटॉप बसवा, टोकन त्याच पीसीला लावलेलं राहू द्या. मग क्रोमबुकवरून टॅलीही उघडते आणि सहीही होते. त्यासाठी ऑफिसातल्या पीसीची झोप बंद करा आणि त्याला इन्व्हर्टरचा आधार द्या, नाहीतर दुपारी वीज गेली की सगळं खोळंबतं.

१०. सातबारा, आधार अशा पीडीएफवर सही 'पडताळलेली नाही' असं का दिसतं?

पीडीएफमध्ये दोष नाही. क्रोमचा पीडीएफ वाचक डिजिटल सही तपासतच नाही, नुसती दाखवतो. महाभूमीवरून घेतलेला डिजिटल सहीचा सातबारा किंवा उतरवलेलं ई-आधार इथे उघडतं, छापताही येतं. हिरवी खूण हवी असेल तर विंडोज किंवा मॅकवर ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून सही एकदा मान्य करावी लागते.

११. घरचा जुना प्रिंटर चालेल का?

वाय-फाय असलेले अलीकडचे प्रिंटर बहुधा विनाड्रायव्हर चालतात: सेटिंग्जमध्ये प्रिंटर, मग जोडा. जुने यूएसबी लेझर प्रिंटर ही अडचण आहे. आपल्याकडे दुकानादुकानात दिसणारा कॅनन एलबीपी २९०० कंपनीच्या स्वतःच्या कॅप्ट भाषेत बोलतो, आणि तिचा ड्रायव्हर क्रोमओएसमध्ये नाही. गूगल क्लाउड प्रिंट हा आडमार्ग २०२० च्या अखेरीस बंद झाला. असा प्रिंटर असेल तर पीडीएफ दुसऱ्या पीसीवर पाठवून छापा, नाहीतर प्रिंटरचा खर्चही हिशेबात धरा.

१२. फोनपे, गूगल पे, बँकेचं ॲप चालेल?

प्ले स्टोअर आहे, पण यूपीआय नाही. यूपीआय ॲप सिमकार्डवरून एसएमएस पाठवून डिव्हाइस आणि नंबर यांची जोडी पक्की करतं, क्रोमबुकमध्ये ते सिम नसतं. बँकांची कित्येक ॲप सुरक्षेच्या कारणाने उघडायलाच नकार देतात. नेटबँकिंग ब्राउझरमध्ये करा, पैसे देताना क्यूआर कोड फोनने स्कॅन करा. व्हॉट्सॲप वेब चालतं आणि त्यासाठी फोन जवळ चालू असावा लागत नाही. फोनवर १४ दिवस व्हॉट्सॲप उघडलंच नाही तर मात्र लॉगआउट होतं.

१३. आई-बाबांसाठी प्रीमियम घ्यावं का?

क्रोमबुक जरूर घ्या, प्रीमियम नको. मोठा पडदा बघा, १५ इंची. उरलेले पैसे चांगल्या राउटरवर घाला.

१४. मुलगी इंजिनीअरिंगला जातेय. चालेल का?

एकमेव लॅपटॉप म्हणून नको. एवढा खर्च करूनही तिला दुसऱ्याचं मशीन मागत फिरावं लागेल.

शाखेनुसार बघू. कॉम्प्युटर आणि आयटीचं बरंचसं लिनक्समध्ये होतं, पण कॉलेजच्या प्रॅक्टिकलला अजून टर्बो सी (डॉसच्या काळातला सी कंपायलर) लागत असेल तर 'ग्राफिक्स.एच' असलेला प्रोग्रॅम लिनक्सच्या जीसीसी कंपायलरवर चालत नाही. लिनक्समध्ये डॉसबॉक्स टाकून टर्बो सी चालवता येतं, इतकं करायची तयारी हवी. इलेक्ट्रॉनिक्सला केइल आणि प्रोटियस लागतात, दोन्ही विंडोजची. आर्डुइनोचं काम ऑनलाइन संपादकात होतं. मेकॅनिकलला सॉलिडवर्क्स, कॅटिया नाहीत. ऑटोकॅडची वेब आवृत्ती साध्या ड्रॉइंगला पुरते. मॅटलॅब ऑनलाइन आहे, पूर्ण वापरायला मात्र परवाना लागतो.

परीक्षेचं आधी विचारा. सेफ एक्झाम ब्राउझर विंडोज, मॅक आणि आयपॅडसाठी आहे, क्रोमओएससाठी नाही. कॉलेज किंवा कंपनीची ऑनलाइन चाचणी त्यावर असेल तर ऐन वेळी पळापळ होते.

१५. मी वेब डेव्हलपर आहे. लिनक्स किती खरं आहे?

बऱ्यापैकी खरं. सेटिंग्जमध्ये डेव्हलपर विभागातून लिनक्स चालू केलं की एका आभासी मशीनमध्ये डेबियन उभं राहतं. गिट, नोड, पायथन, पोस्टग्रेस, व्हीएस कोड हे सगळं चालतं, डॉकरही. सुरुवातीला लिनक्सला किती जागा द्यायची ते विचारतं, तेव्हा १० जीबीवर न थांबता ३०-४० द्या.

दोन ठिकाणी लोक अडतात. एक, मीडियाटेक किंवा स्नॅपड्रॅगन चिप असेल तर एआरएम६४ चं पॅकेज लागतं. इंटेलचं उतरवलंत तर बसतच नाही, आणि काही व्यावसायिक सॉफ्टवेअर एआरएमसाठी मिळतही नाहीत. दोन, पॉवरवॉश केलं (म्हणजे मशीन पुसून नव्यासारखं केलं) की लिनक्समधलं सगळं पुसलं जातं, ते ड्राइव्हवर आपोआप जात नाही. सेटिंग्जमध्ये लिनक्सचा बॅकअप घ्यायची सोय आहे, ती बाहेरच्या ड्राइव्हवर वापरा. कोड रोज गिटवर ढकला.

आधी म्हटलेलं 'ठोस कारण' (प्रश्न ३) तुमच्याकडे असू शकतं. १६ जीबी, इंटेल आणि एनव्हीएमई बघा.

१६. व्हिडिओ एडिटिंग, फोटोशॉप, गेम?

फोटोशॉपची वेब आवृत्ती बऱ्याच कामाला पुरते. व्हिडिओ एडिटिंगची प्रीमियर, दा विंची नाहीत. गेमसाठीच्या स्टीमची क्रोमबुकवरची बीटा १ जानेवारी २०२६ ला बंद झाली. या कामांसाठी क्रोमबुक घेऊ नका.

१७. अपडेटची 'शेवटची तारीख' म्हणजे काय?

क्रोमबुकच्या प्रत्येक मॉडेलला ठरलेली तारीख असते. तिच्यानंतर अपडेट येत नाहीत. मशीन चालू राहतं, पण ब्राउझर जुना होत जातो आणि एक दिवस बँकेची साइट 'तुमचा ब्राउझर जुना आहे' म्हणून थांबवते. २०१३ चं १,२९९ डॉलरचं पिक्सेल २०१८ मध्येच या रेषेपलीकडे गेलं. पडदा, कीबोर्ड सगळं ठणठणीत, आणि मशीन कुचकामी. प्रीमियम क्रोमबुकवर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप इथूनच आला, आणि तो रास्त होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने मुदत १० वर्षं केली. २०२१ पासून आलेल्या मॉडेलना ती आपोआप मिळते. त्याआधीच्या काहींना सेटिंग्जमधून मान्यता दिल्यावर मिळते, पण तसं केल्यावर अँड्रॉइड ॲपचा आधार जाऊ शकतो.

लक्षात ठेवायची बाब ही: १० वर्षं तुमच्या बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत. त्या मॉडेलचं हार्डवेअर बाजारात आलं तेव्हापासून मोजतात. २०२१ च्या हार्डवेअरचं मशीन २०२६ मध्ये 'नवीन सीलबंद' घेतलंत तर हातात पाचच वर्षं उरतात. सेलमधली भरघोस सूट अनेकदा अशाच मॉडेलवर असते. गूगलच्या मदत पानावर मॉडेलनिहाय यादी आहे. हातातल्या मशीनवर: सेटिंग्ज, क्रोमओएसविषयी, अधिक तपशील, अपडेटचं वेळापत्रक. किंमत भागिले उरलेली वर्षं, हा आकडा काढल्याशिवाय पैसे देऊ नका.

१८. सेकंडहँड प्रीमियम अर्ध्याहून कमी किमतीत मिळतंय. घेऊ का?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइन परदेशी कंपन्यांनी काढून टाकलेली चांगली क्रोमबुक येतात. पैसे देण्याआधी दुकानातच, वाय-फाय जोडून, पुढच्या तपासण्या करा.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: मशीन अजून जुन्या कंपनीच्या किंवा शाळेच्या नोंदणीत आहे का. लॉगिनच्या पडद्यावर कंट्रोल + आल्ट + शिफ्ट + आर दाबून पॉवरवॉश करा, मग वाय-फाय जोडा. 'हे डिव्हाइस अमुक संस्थेकडून व्यवस्थापित आहे' किंवा संस्थेचं खातं मागणारा पडदा आला तर मशीन तिथेच ठेवा. ही नोंद गूगलच्या सर्व्हरवर असते, पॉवरवॉशने किंवा पेनड्राइव्हवरून प्रणाली नव्याने टाकूनही जात नाही. ती फक्त त्या संस्थेचा ॲडमिन काढू शकतो. दुकानदार 'नंतर निघेल' म्हणाला तरी ऐकू नका. दुकानदाराचं खातं आधीपासून लॉगिन असेल तर हे दिसत नाही, म्हणून पॉवरवॉश तुमच्यासमोरच व्हायला हवं.

दुसरी: सुरू होताना प्रणालीची तपासणी बंद असल्याचा इशारा दिसतो का? दिसला तर डेव्हलपर मोड चालू आहे. पडद्यावरच्या सूचनेप्रमाणे तो बंद करायला लावा.

तिसरी: लाँचरमध्ये 'डायग्नोस्टिक्स' शोधा. बॅटरीची तब्येत टक्क्यांत आणि चार्जिंगच्या फेऱ्या तिथे दिसतात. ८० टक्क्यांखाली असेल तर बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करा. चौथी: दोन्ही बाजूंच्या टाइप-सी पोर्टमध्ये चार्जर लावून पाहा. आणि शेवटची तारीख (प्रश्न १७).

१९. अमेरिकेतून भाऊ आणतोय. वॉरंटी आणि दुरुस्तीचं काय?

गूगलची पिक्सेलबुक भारतात अधिकृतपणे विकलीच गेली नाहीत, त्यामुळे त्यांचे सुटे भाग शोधूनच मिळवावे लागतात. इतर कंपन्यांची वॉरंटीही अनेकदा देशापुरती असते. मॉडेल क्रमांक टाकून इथल्या सेवा केंद्राला आधी लेखी विचारा. चार्जरची काळजी नको: टाइप-सी पॉवर डिलिव्हरीचा ४५ वॉट किंवा जास्तीचा कुठलाही चांगला चार्जर चालतो. फोनच्या १८ वॉटच्या चार्जरवर मशीन वापरात असताना बॅटरी उतरतच जाते.

टच पडदा फुटला की काच आणि पॅनल एकत्र बदलावं लागतं, आणि प्रीमियम मॉडेलमध्ये हा खर्च कधी कधी नव्या मधल्या क्रोमबुकइतका होतो. भारतात विकल्या जाणाऱ्या मॉडेलचे भाग त्या मानाने सहज मिळतात. एचपीने २०२३ पासून चेन्नईजवळ क्रोमबुक बनवायलाही सुरुवात केली.

२०. नाही जमलं तर त्यावर विंडोज टाकता येईल ना?

तसं गृहीत धरून घेऊ नका. क्रोमबुकचं फर्मवेअर (मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) विंडोज पीसीतल्या नेहमीच्या बायोससारखं नसतं. ते बदलायला लेखनबंदी काढावी लागते, वॉरंटी जाते, आणि एवढं करूनही आवाज किंवा टचपॅडचा ड्रायव्हर मिळेलच असं नाही. चुकलं तर मशीन सुरूही होत नाही.

२१. क्रोमओएस बंद होणार म्हणतात. आता घेणं धोक्याचं नाही का?

जुलै २०२५ मध्ये गूगलच्या अँड्रॉइड प्रमुखांनी क्रोमओएस आणि अँड्रॉइड एकत्र करत असल्याचं सांगितलं. नवी मशीन हळूहळू त्या वाटेने जातील. तुम्ही घेतलेल्या मॉडेलची अपडेटची तारीख मात्र आधीच जाहीर असते. धोका वेगळाच आहे. संक्रमणाच्या काळात आजच्या महागड्या मॉडेलना पुढची नवी वैशिष्ट्यं मिळतीलच असं धरता येत नाही. ज्याला थांबता येईल त्याने प्रीमियमसाठी थांबावं. आज गरज असेल तर मधलं मशीन घ्यावं, त्यात पैसा कमी अडकतो.

२२. घेण्याआधी आपल्याला जमेल का, हे फुकटात कसं पाहायचं?

दोन टप्पे. आधी आहे त्या लॅपटॉपवर एक आठवडा क्रोमशिवाय काहीही उघडू नका. जेव्हा दुसरं सॉफ्टवेअर उघडावंच लागेल तेव्हा कागदावर नोंद करा: कुठलं, कशासाठी.

मग क्रोमओएस फ्लेक्स. गूगल जुन्या पीसीसाठी हे फुकट देतं. ४ जीबी रॅम आणि ६४ बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर हवा. क्रोममध्ये 'क्रोमबुक रिकव्हरी युटिलिटी' हे एक्स्टेन्शन घाला, मॉडेलच्या यादीतून क्रोमओएस फ्लेक्स निवडा, ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह लावा (त्यावरचं सगळं पुसलं जाईल). पीसी रीस्टार्ट करून बूट मेनू उघडा. त्याची किल्ली कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते. पेनड्राइव्ह निवडा आणि आलेल्या पडद्यावर 'आधी वापरून पाहा' हाच पर्याय घ्या. 'इन्स्टॉल' दाबलंत तर हार्ड डिस्कवरचं विंडोज आणि सगळ्या फाइल जातील.

पेनड्राइव्हवरून चालताना ते थोडं संथ वाटेल, आणि फ्लेक्समध्ये प्ले स्टोअर नसतं. त्यामुळे वेग आणि अँड्रॉइड ॲप यांची परीक्षा यावर करू नका. परीक्षा करायची ती तुमच्या कामाची: बँक, पोर्टल, मराठी टायपिंग, प्रिंटर, ऑफिसातल्या फाइल. पहिल्या आठवड्याच्या कागदावरची प्रत्येक ओळ इथे एकेक करून तपासा. न सुटलेली एखादी ओळ महिन्यातून एकदाच लागणारी असेल, तर तिच्यासाठी रिमोट डेस्कटॉप (प्रश्न ९) पुरतो. रोज लागणारी ओळ सुटली नाही, तर विंडोज किंवा मॅककडे वळा.